सोवळ्यातली मंडळी

19 मे 303. उत्तर आफ्रिकेतल्या नुमिदियातले सिर्ता शहर. आज ते अल्जीरियात आहे आणि त्याचे नाव कॉन्स्टन्टीन. नगराचा कारभारी म्युनातियस फेलिक्स शिपाई आणि कारकून घेऊन ख्रिस्ती लोक जिथे जमत त्या घरात शिरला. सम्राट डायोक्लेशियनचा हुकूम होता: ख्रिस्ती प्रार्थनास्थळे पाडा, त्यांचे धर्मग्रंथ जाळा. बिशप पौल आपल्या आसनावर बसून होता, त्याने विरोध केला नाही. झडती सुरू झाली आणि कारकून एकेक वस्तू लिहून घेऊ लागला. सोन्याचे दोन पेले, चांदीचे सहा, चांदीचे सात दिवे, बायकांचे 82 झगे, 38 ओढण्या, पुरुषांचे 16 झगे, पुरुषी पादत्राणांचे 13 जोड, बायकी 47. एवढे कपडे तिथे कशाला? बहुधा गोरगरिबांना, विधवांना वाटण्यासाठी साठवलेले. त्या काळच्या ख्रिस्ती मंडळीचा संसार कसा होता हे सांगणारा यापेक्षा बोलका कागद मला ठाऊक नाही.

कारभाऱ्याला मात्र कपडे नको होते, ग्रंथ हवे होते. ते 'वाचकां'च्या घरी असत, म्हणजे उपासनेत शास्त्रपाठ वाचणाऱ्या सेवकांच्या. दोघा उपसेवकांनी वाचकांची नावे सांगायचे नाकारले. आम्ही फितूर नाही, हवे तर मारा, असे ते म्हणाले. त्यांना धरून नेले. इतरांनी नावे सांगितली. मग शिपाई घरोघर फिरले आणि लोकांनी निमूटपणे ग्रंथ आणून दिले. एक वाचक घरी नव्हता, तर त्याच्या बायकोने दिले. सिल्वानस नावाच्या एका उपसेवकानेही चांदीची पेटी आणि दिवा शोधून काढून हवाली केला. त्याचे नाव लक्षात ठेवावे लागेल.

असे ग्रंथ देणाऱ्यांना लॅटिनमध्ये 'त्रादितोर' म्हणू लागले. पुढची शंभराहून अधिक वर्षे उत्तर आफ्रिकेत या शब्दाइतकी मोठी शिवी नव्हती.

तिथल्या मंडळीला हा पेच नवा नव्हता. अर्धशतकापूर्वी, 250 साली, सम्राट डेशियसने साऱ्या प्रजेला देवतांपुढे बळी अर्पण करून तसा दाखला घ्यायला लावले होते. इजिप्तच्या वाळूत असे दाखले सापडले आहेत. हजारो ख्रिस्ती लोकांनी बळी दिला, काहींनी पैसे चारून नुसताच दाखला मिळवला. छळ ओसरला तेव्हा हेच लोक रडत परत दाराशी आले. घ्यायचे की नाही? रोममधला नोव्हेशियन म्हणाला, नाही. अशांना क्षमा करण्याचा अधिकार मंडळीला नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, घ्यायचे, पण पश्चात्तापाची मुदत पुरी झाल्यावर. सिप्रियन स्वतः त्या छळात लपून राहिला होता आणि त्याबद्दल त्याला टोमणे खावे लागले होते. पुढे 258 साली त्याचा शिरच्छेद झाला आणि टोमण्यांची तोंडे बंद झाली. त्याने एक मत मात्र मागे ठेवले: मंडळीबाहेरच्या माणसाने दिलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे. यावरून तो रोमचा बिशप स्तेफन याच्याशी भांडला होता. या मताला किती फांद्या फुटतील याची त्याला कल्पना नसावी.

डायोक्लेशियनचा छळ आफ्रिकेत फार वर्षे टिकला नाही. तो थांबताच हिशेब सुरू झाले. कुणी काय दिले? कुणी प्राण दिले, हे उघड होते. थिबियुकाचा बिशप फेलिक्स ग्रंथ देईना म्हणून मारला गेला. कार्थेजचा बिशप मेन्सुरियस याने युक्ती केली: खरे ग्रंथ लपवले आणि पाखंडी लोकांची पुस्तके पुढे केली. शिपाई खूश, ग्रंथही सुरक्षित. शहाणपणच ते. पण हुतात्म्यांच्या रक्ताच्या पार्श्वभूमीवर असे शहाणपण भेकडपणासारखे दिसते, आणि मेन्सुरियसला त्याची किंमत मोजावी लागली.

सिर्ताचे बिशपपद रिकामे झाले, तेव्हा नुमिदियातले काही बिशप नवा बिशप नेमायला एकत्र आले. अध्यक्ष होता तिगिसिसचा सेकुंडुस. त्याने आरंभीच ठरवले की आधी आपल्यातला ग्रंथ देणारा कोण ते पाहू. एकेकाला उभे करून विचारणे सुरू झाले. एकाने पळवाट सांगितली, दुसऱ्याने देवावर हवाला टाकला. लिमाताच्या पुर्पुरियसची पाळी आली तेव्हा सेकुंडुसने त्याला विचारले की तू सख्ख्या बहिणीचे दोन मुलगे मारलेस म्हणतात, ते खरे का? पुर्पुरियस लाजला नाही. मारले, आणि माझ्या वाटेत येईल त्याला आजही मारीन, अशा अर्थाचे तो बोलला, आणि उलट विचारू लागला की शिपायांनी तुला धरले होते, मग तू सुटलास कसा? काही न देता? सभेत चुळबुळ झाली. सेकुंडुसच्या पुतण्याने त्याच्या कानात सांगितले की हे सगळे उठून जातील आणि तू एकटा पडशील. सेकुंडुसने विषय मिटवला: ज्याचा त्याचा हिशेब देवाकडे, बसा. मग त्यांनी सिल्वानसला बिशप केले. तोच तो, चांदीचा दिवा देणारा.

या सभेचा कागद नंतर या बिशपांच्या विरोधकांनी पुढे केला आणि या बिशपांच्या पंथाने, ज्यांना पुढे दोनातिस्त म्हणू लागले, तो बनावट ठरवला, हेही सांगायला हवे. पण सिल्वानसचे प्रकरण केवळ विरोधकांच्या कागदावर उभे नाही. 320 साली राज्यपाल झेनोफिलुससमोर खटला चालला, साक्षी झाल्या आणि त्याच वेळी सिर्ताच्या झडतीची यादी भर कचेरीत वाचली गेली.

मेन्सुरियस वारल्यावर, 311 च्या सुमारास, कार्थेजला कैसिलियन बिशप झाला. तो आधी मेन्सुरियसच्या हाताखाली होता आणि शहरातल्या लुसिला नावाच्या श्रीमंत बाईला त्याने एकदा चारचौघांत टोकले होते. तिला प्रभुभोजनापूर्वी एका हुतात्म्याच्या अस्थीचे चुंबन घ्यायची सवय होती. हा हुतात्मा मंडळीने मान्य केलेला नव्हता. बाई दुखावली ती कायमची. नुमिदियातले सत्तर बिशप कार्थेजला आले, सेकुंडुस त्यांचा म्होरक्या होता आणि त्यांत सिर्ताच्या त्या सभेतली मंडळी होती. त्यांनी निकाल दिला की कैसिलियनला अभिषेक करणाऱ्या आप्तुंगाच्या फेलिक्सने ग्रंथ दिले होते, म्हणून अभिषेक रद्द. त्यांनी लुसिलाच्या घरचा माणूस, मायोरिनस, बिशप म्हणून बसवला. 320 च्या खटल्यात उघड झाले की लुसिलाने यासाठी पैसा वाटला होता आणि गरिबांच्या नावाने आलेला तो पैसा बिशपांच्या खिशात गेला होता. आप्तुंगाच्या फेलिक्सची सरकारी चौकशी झाली, तो निर्दोष निघाला, त्याच्याविरुद्धच्या पत्रातला घातक मजकूर कुणीतरी घुसडलेला होता.

पण तोवर पुरावा हा विषयच उरला नव्हता. मायोरिनसमागून दोनातुस आला. तो मोठ्या ताकदीचा माणूस होता आणि त्याच्याच नावाने या पंथाला दोनातिस्त म्हणू लागले. त्यांचे म्हणणे ऐकायला सोपे होते. जो स्वतः कृपेतून पडला तो कृपा देणार कुठून? त्याने दिलेला बाप्तिस्मा म्हणजे नुसते पाणी. त्याने ज्याला दीक्षा दिली तोही बाटला, त्या बाटलेल्याने पुढे ज्यांना दिली तेही बाटले. आणि ज्या सागरापारच्या मंडळ्यांनी कैसिलियनशी संबंध ठेवला त्याही गेल्या. असे मोजत मोजत शेवटी शुद्ध मंडळी उरली ती आफ्रिकेतली, आणि तिथेही फक्त त्यांची.

सोवळ्याओवळ्याची कल्पना ज्यांनी घरात पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. आपला स्पर्श दुसऱ्याला पावन करतो हे सोवळ्याला कधीच पटत नाही. विटाळ मात्र कुठूनही, कितीही दुरून येऊ शकतो. दोनातिस्तांनी विरोधकांचे एखादे प्रार्थनामंदिर ताब्यात घेतले की ते वेदी खरवडत आणि भिंती मिठाच्या पाण्याने धुऊन काढत. मिलेव्हिसचा बिशप ओप्तातुस याने हे लिहून ठेवले आहे. तुम्ही भिंती धुतल्या, मग ती मंडळी ज्या रस्त्याने चालली तो का नाही धुतला, असा त्याचा सवाल होता.

त्यांना नुसतेच सोवळेकरी म्हणून मोडीत काढणे मात्र अन्याय होईल. सम्राट कॉन्स्टन्टाइनने 313 साली रोमला आणि 314 साली आर्ल येथे धर्मसभा भरवून कैसिलियनच्या बाजूने निकाल मिळवला आणि मग दोनातिस्तांवर सैन्य सोडले. कार्थेजमध्ये रक्त सांडले. चार वर्षांत त्याने तो नाद सोडला. 347 मध्ये सम्राटाचे दूत पौल आणि मकारियस मदतीचा पैसा घेऊन आले, तेव्हा सम्राटाचा मंडळीशी संबंध काय, असा प्रश्न दोनातुसने विचारला. या प्रश्नात अभिमान आहे आणि सत्यही आहे. त्याला हद्दपार केले, तो परतला नाही. नुमिदियातल्या खेड्यापाड्यांत, ऑलिव्हच्या बागांत राबणाऱ्या गरिबांना ही मंडळी आपली वाटे, कारण जमीनदार आणि अंमलदार बहुतेक दुसऱ्या बाजूला होते. त्यांच्यातले सर्कमसेलियन म्हणून ओळखले जाणारे लोक सोटे घेऊन फिरत, सावकारांना धाकात ठेवत आणि देवाची स्तुती असो असे ओरडत तुटून पडत. मरणाची त्यांना एवढी ओढ की हुतात्मा होण्यासाठी काहीजण कड्यावरून उड्या घेत. हुतात्म्यांची मंडळी असण्याचा अभिमान एकदा अंगात भिनला की छळ कमी पडू लागतो.

चौथ्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेतली बहुसंख्य मंडळी हीच होती. हिप्पो या बंदराच्या गावीही हेच चित्र. तिथल्या दोनातिस्त बिशपाने पूर्वी आपल्या भट्टीवाल्यांना ताकीद दिली होती की कॅथलिकांसाठी, म्हणजे कैसिलियनची बाजू धरणाऱ्या मंडळीसाठी, पाव भाजायचा नाही. अशा गावात 391 साली ऑगस्टिन पाळक झाला आणि चार-पाच वर्षांत बिशप.

ऑगस्टिनला गर्व हा विषय पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. 354 साली थागास्तेत जन्मलेला हा हुशार मुलगा एकोणिसाव्या वर्षी सिसेरो वाचून पेटला होता, आणि मग बायबल उघडून त्याने ते बाजूला ठेवले होते, कारण त्याची भाषा त्याला गावंढळ वाटली. अहंकाराने फुगलेल्याला त्या बुटक्या दारातून वाकून जाता आले नाही, असा कबुलीजबाब त्याने नंतर आत्मचरित्रात दिला आहे. नऊ वर्षे तो मानीपंथीयांबरोबर राहिला. तेही निवडक शुद्धांचा पंथ मानणारे. अखेर 387 च्या ईस्टरला मिलानमध्ये तिथला बिशप अँब्रोज याने त्याला बाप्तिस्मा दिला. आपण चढून देवापर्यंत गेलो नाही, देवाने वाकून आपल्याला उचलले, ही त्याची आयुष्यभराची खात्री होती. दोनातिस्तांशी झालेल्या वादात तिला धार आली.

त्याची मांडणी अशी. बाप्तिस्मा पौलाचा नाही, पेत्राचाही नाही. तो ख्रिस्ताचा आहे. देणारा दारुडा असो, खुनी असो, देणारा खरा ख्रिस्त. दगडी पाटातून पाणी वाहते, पाटात काही उगवत नाही पण बाग पिकते. देणाऱ्याच्या शुद्धतेवर माझा उद्धार टांगून ठेवायचा म्हटले तर मी रात्री झोपावे कसे? त्याच्या मनात काय आहे ते मला कुठे ठाऊक? मंडळी हे गव्हाचे शेत आहे, त्यात निदण असणारच, आणि ते उपटण्याचे काम कापणीपर्यंत कुणालाही दिलेले नाही. विशेष म्हणजे हे शेतीचे रूपक उलगडून सांगण्यात त्याला एका दोनातिस्ताची, तिकोनियसची, मदत झाली. त्या बिचाऱ्याला त्याच्याच लोकांनी बाहेर काढले होते आणि तरी तो कॅथलिक झाला नाही. माणसे कधी कधी आपल्या पंथापेक्षा मोठी असतात.

ऑगस्टिन नुसता पंडित नव्हता, लढवय्याही होता. सामान्य लोकांना पाठ व्हावे म्हणून त्याने अकारविल्हे कडव्यांचे, धृपद असलेले एक गाणे रचले आणि त्यात फुटीची सारी कहाणी घातली. दोनातिस्तांच्यातच फूट पडली तेव्हा त्याला आयते हत्यार मिळाले. 394 मध्ये बागाई येथे 310 बिशपांनी फुटीरांना शाप देऊन बाहेर घातले, आणि थोड्याच वर्षांत त्यातल्या काहींना पुन्हा बाप्तिस्मा न देता परत घेतले. म्हणजे आपल्या माणसांसाठी कृपेचे दार उघडे, परक्यांसाठी बंद. हा मुद्दा ऑगस्टिनने पुढे किती वेळा उगाळला असेल याला गणती नाही.

1 जून 411 रोजी कार्थेजच्या गार्गिलियस स्नानगृहात मोठी परिषद भरली. सम्राट होनोरियसचा प्रतिनिधी मार्सेलिनस न्यायाधीश होता. 286 कॅथलिक बिशप आणि जवळपास तितकेच दोनातिस्त, दोन्हीकडून सात-सात वक्ते. मार्सेलिनसने बसायला सांगितले. दोनातिस्त बसले नाहीत: अधर्मी लोकांच्या पंगतीत बसू नये असे शास्त्र आहे. मग सभ्यपणे मार्सेलिनसही उभा राहिला. तास न् तास शेकडो बिशपांची हजेरी चालली, एकेका गावचे दोन-दोन बिशप समोरासमोर येऊन एकमेकांना ओळखत होते.

या परिषदेआधी कॅथलिक बिशपांनी एक पत्र दिले होते. मला या साऱ्या इतिहासात ते सर्वांत मोलाचे वाटते. तुम्ही जिंकलात तर आम्ही आमची पदे सोडू. आम्ही जिंकलो तर तुमचे बिशपपद तुमच्याकडेच राहील, दोघे मिळून सांभाळू. लोकांना दोघे नको असतील तर दोघेही बाजूला होऊ, नवा नेमा. सुमारे तीनशे बिशपांपुढे ही सूचना आली तेव्हा फक्त दोघे नाराज दिसले, आणि तेही नंतर वळले. पदाची खुर्ची ख्रिस्तासाठी मिळाली असेल तर त्याच्यासाठी सोडता आली पाहिजे, हा ऑगस्टिनचा युक्तिवाद. खुर्ची हातची न सोडण्याचे शंभर उपाय इतिहासात सापडतील, सोडण्याची अशी लेखी तयारी क्वचित.

8 जूनला तिसऱ्या बैठकीअंती निकाल लागला, अर्थात कॅथलिकांच्या बाजूने. आणि इथून ही गोष्ट कडू होते.

आरंभी ऑगस्टिन जबरदस्तीच्या विरोधात होता. माणसे ढोंगी होतील असे त्याला वाटे. पुढे त्याने मत बदलले. दोनातिस्तांविरुद्धच्या 405 च्या फर्मानानंतर गावेच्या गावे एका रात्रीत कॅथलिक झालेली त्याने पाहिली, आणि त्यातले काही आता आभार मानतात, हेही पाहिले. 408 च्या सुमारास त्याने एका जुन्या ओळखीच्या दोनातिस्ताला लिहिलेल्या पत्रात जबरदस्तीचे समर्थन आहे. मेजवानीच्या दृष्टांतात यजमान चाकराला सांगतो की रस्त्यावरच्यांना आग्रहाने आत आण. ऑगस्टिनने त्या आग्रहाचा अर्थ दंड आणि जप्ती असा लावला. 412 च्या कायद्याने दोनातिस्तांना दर्जाप्रमाणे सोन्याचा दंड ठरवला आणि गुलाम व कुळांना फटके. 420 च्या सुमारास थामुगादीचा दोनातिस्त बिशप गौदेन्तियस मंडळीसह प्रार्थनामंदिरात स्वतःला कोंडून घेऊन बसला आणि सैन्य आले तर आम्ही सगळे जळून मरू, असे त्याने कळवले. त्यालाही ऑगस्टिनने उत्तर लिहिले. ते वाचताना त्याचा तर्क चुकत नाही, त्याचे मन चुकते. जी कृपा उघड्या दारातून येते असे त्याने सांगितले, तिच्या दारात त्याने शिपाई उभे केले. शुद्धतेचा गर्व त्याला लांबून दिसला. आपण बरोबर आहोत हा गर्व त्याला दिसला नाही.

याच वर्षांत तो दुसऱ्या आघाडीवरही लढत होता. ब्रिटनमधून आलेला साधू पेलागियस शिकवत होता की माणसाने ठरवले तर तो पाप टाळू शकतो. 418 साली कार्थेजच्या धर्मसभेने ते मत फेटाळले. दोनातिस्त म्हणत, आमचे हात स्वच्छ आहेत. पेलागियस म्हणे, हात स्वच्छ ठेवता येतात. ऑगस्टिनला दोघांत एकच रोग दिसत होता.

429 मध्ये वँडल टोळ्या आफ्रिकेत उतरल्या. हिप्पोला वेढा पडला असताना 28 ऑगस्ट 430 रोजी ऑगस्टिन वारला. मार्सेलिनसला त्याआधीच, 413 साली, राजद्रोहाच्या संशयावरून मारले होते. ज्या साम्राज्याच्या तलवारीवर विसंबून निकाल लागला, तीच त्याच्यावर पडली. दोनातिस्त तरीही संपले नाहीत. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी नुमिदियातल्या दोनातिस्तांविरुद्ध पत्रे लिहीत होता. तिमगाद, म्हणजे जुने थामुगादी, येथे त्यांच्या प्रचंड प्रार्थनामंदिराचे अवशेष आजही पाहता येतात.

वाद मात्र आफ्रिकेबरोबर पुरला गेला नाही. 1530 साली लूथरच्या अनुयायांनी ऑग्सबर्गला सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर आपला विश्वासनामा ठेवला, तेव्हा रोमच्या धर्माधिकाऱ्यांविरुद्ध त्यांच्या तक्रारी होत्याच. तरीही त्याच्या आठव्या कलमात त्यांनी लिहून दिले की दुष्ट सेवकाच्या हातून झालेला संस्कारही खरा असतो, आणि त्याच कलमात दोनातिस्तांचे नाव घेऊन त्यांचे मत नाकारले.